यावर कोण बसतं?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले जठार कुणाकडेही गेले, की दाखवलेल्या खुर्चीवर लगेच बसत नसत. आधी ती उचलत, उलटी करत, खालचे सांधे बोटानं चाचपत, खिशातून टेप काढून बैठकीची उंची मोजत, आणि मग ती सरळ ठेवून तिच्यावर इतक्या बेतानं टेकत, की जणू तिची परवानगी घ्यायची राहिली आहे. पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी खुर्ची उलटी केल्यावर गादीच्या फटीतून चार शेंगदाणे आणि एक केसाची पिन पडली, आणि बैठकीच्या खाली तुमच्या आईनं तिसरीत असताना चिकटवलेलं च्युइंग गम सापडलं. मी नीटनेटकी बाई म्हणून सोसायटीत प्रसिद्ध होते. ती प्रसिद्धी त्या दिवशी संपली.

“वरून सगळं फर्निचर देखणंच असतं, वहिनी,” जठार म्हणाले. “खालून बघा.”

चिनू, ईरा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की जुन्या फोटोत टेबलाच्या कापडाखाली पाय घालून बसलेले ते टोपीवाले आजोबा कोण. ते हे. फोनवर सांगून संपणारं नाही म्हणून लिहिते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. तिला अडला तर मला.

तुमच्या आबांची दिल्लीतली सरकारी नोकरी संपल्यावर आम्ही यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत राहायला आलो. समोर मोहरीचं शेत होतं. दर महिन्याला शेत थोडं आखडायचं आणि एक इमारत वाढायची. बाहेरच्या देशांशी व्यापार करायची वाट तेव्हा नुकती मोकळी झाली होती, आणि ज्याच्याकडे चार यंत्रं आणि एक शेड होती, त्या प्रत्येकाला काहीतरी एक्स्पोर्ट करायचं होतं. कोपऱ्यावरच्या फॅक्सच्या दुकानात भाजीपेक्षा जास्त गर्दी असायची.

जठारांनी एका कचेरीत तीस वर्षं स्पॅनिश कागदांचं इंग्रजी केलं होतं. खिळे, कातडी, तांदूळ, पंप. स्पेन त्यांनी पाहिला नव्हता. तरुणपणी ते पहाडगंजात एका खोलीत राहत आणि संध्याकाळी भाषेच्या वर्गाला जात. स्पॅनिशच का, असं आबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “जर्मनच्या वर्गात हीटर नव्हता.” लग्न केलं नव्हतं. ते का, हे आम्ही विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांना चड्ढा नावाचा कारखानदार भेटला. चड्ढा शाळांचे बाक बनवायचा. त्याला स्पेनमधल्या एका फर्निचर कंपनीची पहिली ऑर्डर मिळू घातली होती. त्यांचे आराखडे आणि याद्या स्पॅनिशमध्ये यायच्या, त्यांचं इंग्रजी करायचं काम जठारांकडे आलं. इंग्रजीवर माझी नजर असावी अशी जठारांची इच्छा होती, कारण मी मिशनच्या शाळेत शिकले होते आणि त्यांच्या मते माझ्या इंग्रजीला इस्त्री केलेली होती. त्यामुळे स्पॅनिशमधून इंग्रजीत जाणारा रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून, मराठीतून जायला लागला. सकाळी दहाला जठार येत. हातात बुटांचं खोकं असे. त्यात पोस्टकार्डाच्या मापाची कार्डं. प्रत्येक कार्डावर एक स्पॅनिश शब्द, खाली मराठीत वर्णन, आणि त्याखाली इंग्रजीसाठी कोरी ओळ. लिहायचं ते पेन्सिलीनं.

“शाईनं का नाही लिहीत?” मी एकदा विचारलं.

“पेन्सिल म्हणजे विचार चालू आहे. नक्की झालं की शाई.”

खोक्यात दोनशेच्या वर कार्डं होती. शाईची मी नऊ मोजली.

कुठलाही शब्द हातात घेतला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “आधी सांगा, यावर कोण बसतं?” कपाट असलं तर “हे कोण उघडतं?” चड्ढाला लांबी, रुंदी आणि लाकडाची जात हवी असायची. जठारांना घरातली माणसं हवी असायची. देस्काल्थादोरा म्हणून एक बुटकी, बिनहातांची खुर्ची होती. ती स्पेनमध्ये झोपायच्या खोलीत ठेवतात आणि तिच्यावर बसून बूट काढतात. आता आपल्याकडे चपला दाराबाहेर निघतात, आणि बसायला म्हणाल तर माझ्या लहानपणी आमच्या सबंध घरात सहा पाट, एक चौरंग आणि आजोबांची आरामखुर्ची एवढंच होतं. बूट काढायला वेगळी खुर्ची म्हणजे मला चैनीची परमावधी वाटली. मी म्हटलं, “शू चेअर लिहा.”

“बुटांची खुर्ची? त्यावर बूट बसतात का, वहिनी?”

“मग लो बेडरूम चेअर.”

“त्यात पाय कुठे आले? दमून आलेला माणूस कुठे आला?”

कार्ड पेन्सिलीतच राहिलं.

रात्री कोट-पँट अडकवायच्या लाकडी स्टँडला स्पॅनिशमध्ये रात्रीचा छैला म्हणतात. इंग्रजीत त्याला व्हॅले स्टँड म्हणतात, म्हणजे नोकराचं नाव. मी ते सांगितल्यावर जठार दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “छैल्याला नोकर करायचं मला जमत नाही. तुम्ही तुमच्या हातानं लिहा.” मी लिहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

एक गोष्ट मात्र बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. खुर्च्यांविषयी इतकं बोलणाऱ्या या माणसाच्या घरात खुर्ची एकच होती. एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी ती मला दिली आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, आणखी एक घ्या की. ते म्हणाले, “कशाला? यावर कोण बसतं, याचं उत्तर मला ठाऊक आहे.”

आता त्या टेबलाची हकिकत सांगते.

चड्ढाची ऑर्डर पक्की झाली. त्यात चाळीस गोल टेबलं होती, मेसा कामिया नावाची. आराखड्यात वर चार फुटी गोल फळी, चार पाय, आणि खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर आणखी एक फळी. त्या खालच्या फळीच्या बरोबर मध्ये परातीएवढं गोल भोक. शेजारी एक ओळ स्पॅनिशमध्ये, तिचा शब्दशः अर्थ एवढाच, की टेबलाला घेरदार कापड असावं. भोक कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. ज्यांच्या घरी ते टेबल असतं, त्यांना ते लिहायची गरज नसते.

जठारांनी तो कागद इंग्रजी न करता अडवून ठेवला; आराखड्याची प्रत चड्ढाकडे होतीच. बाकीचे सगळे दिले, तो एक दिला नाही. नुसतं ‘गोल टेबल’ लिहून द्यायला त्यांचा हात होईना. त्यांनी स्पेनला फॅक्स पाठवला. त्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तो तुम्ही ओळखला असेल.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या कंपनीतल्या एका कारकून बाईंनी दोन पानं भरून पाठवली होती. जठारांनी ती आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं मराठीत वाचून दाखवली. त्या बाईंच्या आजीकडे असं टेबल होतं. खालच्या भोकात निखाऱ्यांची परात बसवायची, वरून जमिनीपर्यंत जाड कापड सोडायचं, आणि हिवाळाभर सगळ्या घरानं कापडाखाली पाय घालून भोवती बसायचं. जेवण तिथेच, अभ्यास तिथेच, पत्ते तिथेच. भांडण झालं तरी कुणी उठून जायचं नाही, कारण बाकीचं घर गार असायचं. यावर कोण बसतं, या प्रश्नाला बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं होतं: सगळे.

वाचून झाल्यावर जठार म्हणाले, “हे इंग्रजीत कसं न्यायचं, वहिनी?”

मी कांदा चिरत होते. म्हटलं, “ते नंतर बघू. आधी चड्ढाला सांगा ते भोक कशाचं आहे.”

ते तडक कारखान्यात गेले आणि अर्ध्या तासात परत आले. चेहरा उतरलेला होता. चाळीसही टेबलं तयार होती, आणि चाळीसही भोकं चड्ढानं प्लाय ठोकून बंद केली होती. वर पॉलिशही केलं होतं. त्याला वाटलं, आराखडा काढणाऱ्याची चूक झाली. भोक पडलेला माल बाहेरदेशी पाठवला तर हिंदुस्थानची अब्रू काय राहील, म्हणून त्यानं पदरमोड करून ते काम करून घेतलं होतं. कंटेनर मंगळवारी निघणार होता. तो दिवस शनिवार.

“त्याला सांगितलंत ना?” आबांनी विचारलं.

“सांगितलं. तो हसला. म्हणाला, ‘जठार जी, टेबल के नीचे आग? कौन पागल टेबल के नीचे आग लगाएगा?’”

“मग आता?”

“माल परत येईल. त्याची पहिली ऑर्डर आहे. ही गेली की तो पुन्हा बाकांवर येणार.” जठारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “त्यानं चूक केली नाही. कागद मी अडवला. शब्द मिळाला नाही म्हणून मी माणसाला तीन आठवडे अंधारात ठेवलं.”

मी त्यांना स्वतःला दोष देताना पहिल्यांदाच ऐकलं. आबा गंभीर प्रसंगी नेहमी व्यवहाराचं बोलतात. ते म्हणाले, “शब्द राहू द्या. त्याला नेऊन बसवा.”

त्याच संध्याकाळी नसीम मिस्त्रीनं कारखान्यातलं एक टेबल टेम्पोत घालून जठारांच्या घरी आणलं आणि खालचा प्लाय हातोडीनं उडवला. नसीम चड्ढाचा मुख्य सुतार. ठोकलेलं काढायला लागतं म्हणून तो वैतागलेला होता, पण भोकात निखारे ठेवतात हे ऐकल्यावर वाकून बघायला लागला आणि म्हणाला, “तभी मैं कहूँ, इतना साफ गोल किसलिए.” खुर्च्याही त्यानंच आणल्या, नापास झालेले नमुने, पाच खुर्च्या पाच तऱ्हांच्या. त्यांतली एक ती बूट काढायची बुटकी. जठारांची स्वतःची धरून सहा झाल्या.

राहिलं कापड. जठार रविवारी पहाटेच्या बसनं पानिपतला निघाले, कारण घोंगडीसारखं जाड आणि रुंद कापड तिथेच मिळतं. आबा दारात उभे राहून म्हणाले, “जठार, आपली माणसं तिकडे गेली की परत यायचा भरवसा नसतो. तुम्ही जेवायच्या वेळेपर्यंत या.”

ते दीड वाजता विटकरी रंगाचं कापड खांद्यावर टाकून आले. मी हिशेब करून ठेवला होता: चार फूट टेबल, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट, म्हणजे नऊ फुटांचं वर्तुळ. दोन पट्टे मध्ये जोडले, कड दुमडली. साडेतीनला माझं मशीन थांबलं आणि त्याच वेळी वीज गेली. जानेवारी होता. धुकं सकाळपासून उठलं नव्हतं. सोसायटीतले सगळे हीटर एकदम गार झाले.

चार वाजता चड्ढा आला. तो बसायला आलाच नव्हता. हातात गाडीची किल्ली, पायात बूट. “पाँच मिनट, जठार जी. लेबर बैठी है.” टेबलाभोवती आम्ही आधीच होतो: आबा, मी, वरच्या मजल्यावरच्या मिसेस थॉमस, आणि बुटक्या खुर्चीवर नसीम, कारण त्याला मधूनमधून वाकून निखाऱ्यांवरची राख सारखी करायची होती. खिडकी मी बोटभर उघडी ठेवली होती. बंद खोलीत कोळसा पेटवायचा नसतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

जठारांनी चड्ढाला खुर्ची दिली. एका शब्दानंही समजावलं नाही. नुसतं कापड उचललं आणि म्हणाले, “पाँव.”

चड्ढानं पाय आत घातले. कापड खाली पडलं. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. मग त्यानं खाली वाकून बूट काढले.

“ओ जी,” तो मिसेस थॉमसना म्हणाला, “ये तो अपनी बीजी की रजाई है.”

मिसेस थॉमसना त्याच्या आजीशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली आणि शेंगदाण्याची बशी पुढे सरकवली. आबांनी पत्ते काढले. चड्ढा तीन डाव हरला, चौथ्यात त्यानं पान लपवलं आणि नसीमनं ते पकडलं. “मालिक, बेंच में भी आप यही करते थे,” नसीम म्हणाला आणि चड्ढा स्वतःच मोठ्यानं हसला. मी चहा करायला उठले तर आबा म्हणाले, “जाऊ नकोस, कापड उचललं की थंडी आत येते.” लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, चहाला नको म्हणायची त्यांची ती पहिली वेळ.

साडेसहाला वीज आली. कुणी उठलं नाही.

जाताना चड्ढा दारात बूट घालत म्हणाला, “नसीम, चालीस के चालीस खोल दे. मंगल तक.” मग जठारांकडे वळून, “टेबल यहीं रहने दो. कुर्सियाँ भी. नुक्स वाली हैं, मेरे किस काम की.”

टेबलं वेळेवर गेली आणि परत आली नाहीत. पुढे चड्ढानं बाक बनवणं सोडलं. यादीत त्या टेबलाचं नाव ‘राउंड वॉर्मिंग टेबल’ असं छापलं. ते माझं. जठारांना ‘एकमेकांना ओळखणाऱ्या सहा जणांसाठी’ असं पुढे जोडायचं होतं. मी म्हटलं, हे फर्निचरचं माप नव्हे. त्यांनी ऐकलं, पण कार्डावर शाई चढवली नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात रविवारी दुपारी चार वाजता जठारांच्या दाराला कडी नसायची. ज्यानं-त्यानं यायचं, आपली खुर्ची ओढायची. जागा ठरून गेल्या होत्या. नसीम पुढे सहारनपूरला आपल्या गावी परत गेला, तेव्हा ती बुटकी खुर्ची तेवढी रिकामी राहिली.

मग एका डिसेंबरात तुम्ही आलात. चिनू पाच वर्षांचा, ईरा तीनची. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही जठारांच्या घरात शिरलात आणि सरळ त्या बुटक्या खुर्चीवर दोघं मिळून बसलात. टेबलाच्या वर फक्त चार डोळे दिसत होते. जठारांनी टेप बाहेर काढला, खुर्चीची उंची मोजल्यासारखी केली आणि फार गंभीरपणे विचारलं, “आधी सांगा, यावर कोण बसतं?”

चिनू म्हणाला, “आम्ही.”

“नक्की?”

“नक्की,” ईरा म्हणाली. तिला त्या वेळी मराठी एवढंच येत होतं.

तुम्ही अकरा दिवस होतात. रोज चारला तिथे जायचात आणि कापडाखाली शिरून कुणाचे पाय कुठले ते ओळखायचात. फोटो त्यातला आहे.

पुढच्या हिवाळ्यात मिसेस थॉमसची बहीण आली होती, ती त्या बुटक्या खुर्चीवर बसायला गेली. जठार घाईनं म्हणाले, “तिथे नको. त्या खुर्चीचा पाय हलतो.” आणि स्वतःची खुर्ची तिला देऊन ते खिडकीला टेकून उभे राहिले. नंतर कुणीही त्या खुर्चीकडे गेलं, की हेच. आबा एकदा म्हणाले, अहो, मग खिळा मारून घ्या. “घेतो,” जठार म्हणाले. घेतला नाही. दर वर्षी दिवाळी झाली की मला विचारत, “पाहुणे यंदा?” मी म्हणे, “बघू. तिकडे शाळा असतात.” ते म्हणत, “बरोबर आहे.” आठ-दहा वर्षं हे बोलणं एवढंच राहिलं. त्यात एक शब्द बदलला नाही.

गेल्या मार्चमध्ये जठार गेले. दोन दिवस अंगात ताप होता, तिसऱ्या सकाळी उठले नाहीत. नागपूरहून त्यांचा भाचा आला. सरळ मुलगा आहे. बुटांचं खोकं त्यानं बरोबर नेलं आणि मला म्हणाला, “काकू, फर्निचरचं मला काय करायचंय? तुम्हाला हवं ते घ्या.”

टेबल मी घेतलं. खुर्च्यांमधल्या कुठल्या ठेवायच्या ते ठरवायला, इतक्या वर्षांची सवय म्हणून, एकेक उलटी केली. प्रत्येकीच्या बैठकीखाली बारीक अक्षरात नाव होतं. माझं होतं, आबांचं होतं, मिसेस थॉमसचं होतं, चड्ढाचं होतं. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीखाली काही नव्हतं. नावं पेन्सिलीतली होती.

बुटकी खुर्ची मी सगळ्यांत शेवटी उलटी केली. तिच्याखाली नसीमचं नाव खोडरबरानं पुसलेलं अंधुक दिसत होतं, आणि त्याखाली तुमची दोघांची नावं होती. ती शाईनं लिहिलेली होती.

खुर्ची आता आमच्याकडे आहे, टेबलाला लावून ठेवली आहे. मी ती सरळ ठेवताना चारही पाय एकेक करून हलवून पाहिले. दुसऱ्या दिवशी आबांनाही पाहायला सांगितलं. एकही हलत नाही.